लाइट गेली की सर्व्हर झोपतो, मी लॉगआउट झालो की रिपोर्ट फुटतो. लिनक्समध्ये लॉगिन आणि झोप सांभाळणाऱ्या लॉगिन-डीची सेटिंग कोणी समजावेल का?

रावेरी_टर्मिनल

नमस्कार मंडळी. मी रावेर साइडला एका केळी व्यापाऱ्याकडे हिशोबाचं नि कॉम्प्युटरचं काम पाहतो, म्हणजे नावाला अकाउंटंट पण प्रिंटरचा कागद अडकला तरी मलाच हाक मारतात. आमच्या इथे एक जुना लॅपटॉप सर्व्हर म्हणून लावलेला आहे, डेबियन १२ लिनक्स, डेस्कटॉप नाही, नुसती काळी स्क्रीन. त्यावर पोस्टग्रेस डेटाबेस आणि शेतकऱ्यांच्या खात्याचं एक छोटं वेब सॉफ्टवेअर. किती घड कापले, काट्यावर वजन काय भरलं, कोणाला किती उचल दिली, सगळं त्यातच. लॅपटॉपच का तर त्याला बॅटरी असते, इन्व्हर्टर वेगळा नको, आणि आमच्याकडे लोडशेडिंगचं काही सांगता येत नाही. हे सगळं आधीच्या पोराने बसवलंय, तो आता पुण्याला नोकरीला आहे, फोन उचलत नाही.

आता त्रास असा आहे की तीन गोष्टी होऊ राहिल्या. एक, लाइट गेली की थोड्या वेळात सर्व्हर गायब होतो, पिंगही लागत नाही. मला वाटलं बॅटरी मेली असेल, पण झाकण उघडलं की लगेच जागा होतो आणि बॅटरी चांगली निम्म्याच्या वर असते. कॉन्फ फाइलमध्ये झाकणाची सेटिंग इग्नोर केलेलीच दिसते मग हे का? दोन, महिनाअखेरचा मोठा रिपोर्ट ब्राउझरमधून लावून दिला आणि मी एसएसएचचं (दुरून सर्व्हरमध्ये शिरायचं) टर्मिनल बंद करून घरी निघालो की तो कधी कधी मधेच फुटतो, लॉगमध्ये शेअर्ड मेमरी सेगमेंट उघडता आला नाही, अशी फाइलच नाही, असं काहीतरी येतं. कधी कधी मात्र काहीच होत नाही, व्यवस्थित पूर्ण होतो. तीन, लॉगिनसीटीएल लिस्ट-सेशन्स (आत कोण शिरलंय त्याची यादी) मारलं की एकाच युजरची ढीगभर सेशन्स दिसतात, त्यातली निम्मी तर कोणाचीच नाहीत. आम्ही सगळे एकाच ‘ऑफिस’ नावाच्या युजरने शिरतो, मी, मुनीमजी, आणि मालकांचा मुलगा मोबाइलवरून.

नेटवर शोधलं तर प्रत्येक जण एक लांबलचक फाइल देतो आणि म्हणतो ही पेस्ट कर. चालू धंद्याच्या मशीनवर तसं करायची हिंमत होत नाही. सीझन चालू आहे, गाड्या भरू राहिल्या, बंद पडलं तर मालक मलाच गाडीत भरतील.

धुळेकर_रूट

भाऊ सोपं आहे. /ईटीसी/सिस्टमडी/लॉगिनडी.कॉन्फ उघड, हँडललिडस्विचच्या तिन्ही ओळी इग्नोर कर, किलयूजरप्रोसेसेस=नो कर, आणि वरून सिस्टमसीटीएल मास्क करून स्लीप, सस्पेंड, हायबरनेट, हायब्रिड-स्लीप चारही टार्गेट बंद करून टाक. रिबूट मार. झोपायचं नावच घेणार नाही. माझ्याकडे दुकानात असंच चालू आहे, कधी प्रॉब्लेम नाही.

तुझा रिपोर्ट फुटतो तो किलयूजरप्रोसेसेसमुळेच. लॉगआउट झालं की सिस्टम-डी (लिनक्समधल्या सर्व्हिस चालवणारा, लॉगिन-डी त्याचाच भाग) त्या युजरच्या सगळ्या प्रोसेस मारतो. २०१६ मध्ये २३० व्हर्जनला त्यांनी हे बाय डिफॉल्ट चालू केलं तेव्हा लॉगआउटनंतरही काम चालू ठेवणारे टीमक्स नि स्क्रीन हे प्रोग्राम वापरणाऱ्यांनी केवढा दंगा केला होता.

भुसावळ_यार्ड

धुळेकर, दंगा झाला हे खरं, पण त्या दंग्यानंतरच डेबियनवाल्यांनी आपल्याकडे ते परत नो करून ठेवलं. फाइलमधल्या ज्या ओळींपुढे हॅशचं चिन्ह असतं ना, त्या ओळी म्हणजे त्या बिल्डची मूळ किंमत दाखवतात. डेबियन १२ वर ती ओळ बघा, नोच आहे. त्यामुळे रावेरवाल्या भाऊंचा रिपोर्ट त्याने फुटत नाही. शिवाय त्यांचा पोस्टग्रेस सर्व्हिस म्हणून चालत असेल तर तो कोणाच्या लॉगिन सेशनमध्ये नसतोच, किलयूजरप्रोसेसेस त्याला हात लावणार नाही.

आधी झाकणाचं बघू. भाऊ, सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ कॅट-कॉन्फिग सिस्टमडी/लॉगिनडी.कॉन्फ एवढं चालवा आणि काय येतं ते इथे टाका. याने मुख्य फाइल अधिक लॉगिनडी.कॉन्फ.डी फोल्डरातले सगळे तुकडे एकाखाली एक दिसतात. नुसती मुख्य फाइल बघून काही कळत नाही, खरी सेटिंग बरेचदा त्या फोल्डरात लपलेली असते. (कमांड मी इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजीत टाका, नाहीतर म्हणाल यार्डवाल्याने फसवलं.)

आणि हो, जर्नलसीटीएल -यू सिस्टमडी-लॉगिनडी मध्ये (म्हणजे लॉगिन-डीच्या लॉगमध्ये) लाइट गेली त्या वेळेच्या आसपास काय लिहिलंय ते पण बघा.

रावेरी_टर्मिनल

बघितलं दादा. फोल्डरात एक फाइल निघाली, त्यात लॉगिनच्या मथळ्याखाली एकच ओळ आहे, हँडललिडस्विचएक्स्टर्नलपॉवर=इग्नोर. बाकी सगळं हॅशवालं. आणि जर्नलमध्ये काल दुपारी लाइट गेल्यावर सस्पेंडिंग असं लिहिलेलं आहे. पण झाकण तर सकाळपासून बंदच होतं, तेव्हा कोणी हातही लावला नव्हता.

भुसावळ_यार्ड

मग सापडलं. तुमच्या पोराने अर्धंच काम केलं. झाकणासाठी तीन वेगवेगळ्या सेटिंग आहेत. हँडललिडस्विच ही बॅटरीवर असतानाची, तिची मूळ किंमत सस्पेंड. एक्स्टर्नलपॉवरवाली ही चार्जर लागलेला असतानाची, ती वेगळी नाही दिली तर पहिलीचीच नक्कल करते. आणि डॉक्डवाली ही डॉकला किंवा बाहेरच्या स्क्रीनला जोडलेलं असतानाची, ती आधीपासूनच इग्नोर असते.

तुमच्याकडे चार्जर असताना इग्नोर, बॅटरीवर मात्र सस्पेंड. लाइट आहे तोवर सगळं गोड. लाइट गेली की मशीन बॅटरीवर आलं, आणि लॉगिन-डी फक्त झाकण बंद होण्याच्या क्षणालाच बघतो असं नाही, झाकण बंद आहे तोवर अधूनमधून पुन्हा तपासत राहतो. त्याला दिसलं की झाकण बंद, चार्जर नाही, मग झोप. ज्या बॅटरीसाठी लॅपटॉप ठेवला तिच्यावर यायची वेळ आली की नेमका झोपतो.

त्याच तुकड्याच्या फाइलमध्ये हँडललिडस्विच=इग्नोर ही ओळ वाढवा. मुख्य फाइलला हात लावू नका, अपडेटच्या वेळी ती बदलायची का म्हणून विचारत बसतं. नंतर सिस्टमसीटीएल किल -एस हप सिस्टमडी-लॉगिनडी मारा, एवढ्याने तो सेटिंग परत वाचतो. रीस्टार्ट करू नका असं मी सगळ्यांनाच सांगतो. तुमची काळी स्क्रीन आहे म्हणून कदाचित निभावेल, पण डेस्कटॉपवाल्या मशीनवर लॉगिन-डी रीस्टार्ट केला आणि चालू सेशन कोलमडलं, असं पाहिलेलं आहे.

दुसरं म्हणजे झाकण बंद ठेवू नका हो. तुमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, आमच्याकडेही तेच. बऱ्याच लॅपटॉपची गरम हवा कीबोर्डकडूनही निघते. झाकण उघडंच ठेवा आणि स्क्रीन बंद व्हायला ग्रबमध्ये (मशीन सुरू होताना लिनक्स चढवणारा प्रोग्राम) कर्नलच्या ओळीत कन्सोलब्लँक=३०० टाका, पाच मिनिटांनी स्क्रीन काळी होते. धूळ बसू नये म्हणून वरून फडकं टाकणारे महाभाग पण पाहिलेत मी, ते करू नका.

धुळेकर_रूट

बरं झाकणाचं मान्य. पण मास्क करायला काय हरकत आहे? सर्व्हरने झोपायचंच कशाला.

अमळनेरची_ताई

हरकत काही नाही, मास्क चालेल, पण एका गोष्टीकडे लक्ष द्या. लाइट चार-पाच तास गेली आणि बॅटरी खरंच संपत आली तर मशीनने व्यवस्थित बंद व्हायला पाहिजे, नाहीतर डेटाबेस चालू असताना धाडकन पॉवर जाईल. पोस्टग्रेस त्यातून उठतो सहसा, पण जुन्या डिस्कचा भरवसा मी तरी धरत नाही. झोप बंद केली म्हणजे काम झालं असं समजून लोक हा भाग विसरतात.

त्यासाठी बॅटरीवर लक्ष ठेवणारी यूपॉवर नावाची सर्व्हिस लागते. डेस्कटॉप नसेल तर ती बहुतेक बसवलेली नसते किंवा चालू नसते, म्हणून आधी बसवून सिस्टमसीटीएल इनेबल करा. मग /ईटीसी/यूपॉवर/यूपॉवर.कॉन्फ मध्ये क्रिटिकलपॉवरअ‍ॅक्शन=पॉवरऑफ. हे बंद करायचं काम ती शेवटी लॉगिन-डीलाच सांगते. झोपेची टार्गेट मास्क असली तरी पॉवरऑफला अडचण नाही.

मूळ सेटिंगमध्ये २ टक्क्यांवर कारवाई होते. जुन्या बॅटरीत २ टक्के म्हणजे काहीच नाही, ती १२ वरून थेट शून्यावर उडी मारते. म्हणून पर्सेंटेजअ‍ॅक्शन १० करा, पण नुसतं तेवढंच करू नका. लो, क्रिटिकल आणि अ‍ॅक्शन हे तिन्ही आकडे उतरत्या क्रमानेच हवेत. मुळात ते २०, ५, २ असे आहेत, तुम्ही अ‍ॅक्शन १० केलं नि क्रिटिकल ५ वरच राहिलं तर क्रम बिघडला म्हणून तो तुमचे तिन्ही आकडे टाकून मूळचेच घेतो, आणि एरर वगैरे तुमच्या नजरेस पडत नाही. २०, १५, १० असं ठेवा.

आता रिपोर्टचं. रावेरी दादा, पोस्टग्रेस पॅकेजमधून बसवलाय की सोर्स आणून हाताने कम्पाइल केलाय? आणि तो कोणत्या युजरखाली चालतो? पीएस (चालू प्रोसेसची यादी) मारून पहिल्या कॉलमात काय नाव येतं ते सांगा.

रावेरी_टर्मिनल

ताई, तो हाताने कम्पाइल केलेला आहे, ‘ऑफिस’ च्याच होम फोल्डरात पडलाय. सर्व्हिस फाइल आहे, तिच्यात युजर म्हणून ‘ऑफिस’ च आहे. आयडी मारला तर १००० येतो.

अमळनेरची_ताई

वाटलंच होतं. लॉगिन-डीमध्ये रिमूव्हआयपीसी नावाची एक सेटिंग आहे, डेबियनवर ती येस असते. तिचा अर्थ असा की एखाद्या युजरचं शेवटचं सेशन संपलं की त्याच्या नावावरची शेअर्ड मेमरी (प्रोसेसनी आपापसात वाटून घेतलेली रॅम), सेमाफोर वगैरे सगळं झाडून टाकायचं. विचार चांगला आहे, माणूस गेला, पसारा ठेवून गेला, साफ करा. पण लॉगिन-डी फक्त लॉगिन सेशन्स मोजतो. त्याच युजरच्या नावाने एक सर्व्हिस मागे चालू आहे हे तो बघत नाही. तुम्ही घरी निघालात, ‘ऑफिस’ चं शेवटचं सेशन संपलं, साधारण दहा सेकंदांनी त्याने त्या युजरला निरोप दिला आणि /डेव्ह/एसएचएम (रॅममधलंच फोल्डर) मधल्या पोस्टग्रेसच्या फाइली उडवल्या. तुमचा मोठा रिपोर्ट समांतर क्वेरी (एकच काम अनेक प्रोसेसमध्ये वाटून) चालवत असताना ती मेमरी पायाखालून गेली, म्हणून अशी फाइलच नाही ही एरर. छोट्या पावत्या, रोजच्या एन्ट्र्या यांना समांतर क्वेरी लागत नाही म्हणून त्या चालत राहतात. पोस्टग्रेसच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हे सगळं लिहिलेलं आहे, त्याच शब्दांत नाही पण असंच.

सिस्टम युजरला, म्हणजे माणसासाठी नाही तर सर्व्हिससाठी बनवलेल्या युजरला, हा नियम लागत नाही. डेबियनच्या पॅकेजमधून पोस्टग्रेस बसवला असता तर तो पोस्टग्रेस नावाचा सिस्टम युजर आपोआप तयार करतो, त्याचा आयडी १००० च्या खाली असतो, आणि ही भानगड झालीच नसती.

शहादा_पायथन

अच्छा!! म्हणजे कधी कधी रिपोर्ट नीट पूर्ण होतो तो त्या भुताच्या सेशन्समुळे? मी बरोबर समजतोय का, तुम्ही लॉगआउट झालात तरी मालकांच्या मुलाचं अर्धमेलं सेशन त्याच ‘ऑफिस’ च्या नावाने लटकलेलं असायचं, मग लॉगिन-डीच्या हिशोबाने युजर अजून आतच आहे, म्हणून झाडू मारला जात नव्हता.

अमळनेरची_ताई

अगदी बरोबर. म्हणूनच तुमचं तिसरं दुखणं आधी बरं केलं असतं तर दुसरं रोज व्हायला लागलं असतं. क्रम महत्त्वाचा आहे. आधी डेटाबेस सुरक्षित करा, मग भुतं काढा.

आजच्या आज करायचं म्हणजे त्याच तुकड्याच्या फाइलमध्ये रिमूव्हआयपीसी=नो ही ओळ टाका. कोणी म्हणेल लॉगिनसीटीएल इनेबल-लिंगर ऑफिस मारा, त्यानेही युजर कायम आत धरला जातो आणि झाडू थांबतो. पण मला ते आडमार्गाचं वाटतं. उद्या कोणी लिंगर कशाला लावलंय म्हणून डिसेबल केलं की परत तेच, आणि कारण कोणाच्या लक्षात येणार नाही.

कायमचं म्हणजे सीझन संपल्यावर एका रविवारी पीजी-डम्प (डेटाबेसची पूर्ण प्रत) घ्या, पॅकेजवाला पोस्टग्रेस बसवा, त्यात भरा. त्याच जुन्या डेटा फोल्डरवर नुसता मालक बदलून चालवायचा मोह होईल, पण व्हर्जन वेगळं असलं तर तो उठणारच नाही, आणि फोल्डरची परवानगी ०७०० किंवा ०७५० सोडून दुसरी असली तरी उठत नाही. डम्पच बरा. माणसं ज्या युजरने शिरतात त्याच युजरखाली डेटाबेस ठेवणं हेच मला मुळात पटत नाही. मुनीमजींनी चुकून होम फोल्डरात आरएम (फाइल पुसायची कमांड) मारलं तर केळीचा हिशोब गेला ना.

भुसावळ_यार्ड

ताईंना दुजोरा. आणि डम्प घेतला की दुसऱ्या मशीनवर एकदा भरून बघा, नुसती फाइल पडलीये म्हणजे बॅकअप झाला असं नाही.

भुतांचं मी सांगतो. मोबाइलवरून एसएसएच केलं, रेंज गेली, शेतात रेंज कुठली असते, मग तिकडून फोनने निरोप न देताच कनेक्शन सोडलं. सर्व्हरला वाटतं माणूस अजून आहे. टीसीपीची, म्हणजे नेटवर्क कनेक्शनची, स्वतःची कीपअलाइव्ह (आहेस का, अशी विचारणा) असते पण कर्नल पहिल्यांदा विचारतो तेच ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तास. एसएसएचडीच्या कॉन्फिगमध्ये क्लायंटअलाइव्हइंटरव्हल मुळात शून्य, म्हणजे तो विचारतच नाही. तिथे ६० करा आणि क्लायंटअलाइव्हकाउंटमॅक्स ३, म्हणजे तीन मिनिटं उत्तर नाही आलं की कनेक्शन तोडेल. काउंटमॅक्स शून्य करू नका, ८.२ व्हर्जनपासून शून्य म्हणजे कधीच तोडू नको असा अर्थ आहे, जुन्या ब्लॉगवर उलटं लिहिलेलं सापडेल. फाइल बदलल्यावर एसएसएचडी -टी ने तपासून मगच रीलोड करा, आणि एक टर्मिनल उघडं ठेवूनच करा.

जिवंत आहे पण चहाला गेलाय, अशा माणसाचं सेशन याने तुटणार नाही, कारण त्याचा कॉम्प्युटर उत्तर देत राहतो. त्याला स्टॉपआयडलसेशनसेक आहे, सिस्टम-डी २५२ मध्ये आलं, तुमच्या डेबियन १२ मध्ये तेच व्हर्जन आहे. मूळ किंमत इन्फिनिटी, म्हणजे कधीच नाही. तुम्ही २ तास वगैरे द्या. बॅशचा (टर्मिनलमध्ये कमांड घेणाऱ्या शेलचा) टीएमआउट पण लोक लावतात, पण तो फक्त प्रॉम्प्टवर रिकामा बसलेला असतानाच काम करतो, आत काही प्रोग्राम चालू असला, अगदी फाइल वाचायचा लेस उघडून ठेवलं तरी तो थांबून राहतो.

आणि यादीत एखाद्या सेशनची स्टेट क्लोजिंग दिसली तर ते भूत वेगळं. माणूस लॉगआउट झाला पण त्याने मागे एखादी प्रोसेस सोडलीये. लॉगिनसीटीएल सेशन-स्टेटस आणि पुढे नंबर मारा, कोणती प्रोसेस आहे ते झाडासारखं दिसेल, मग ठरवा मारायची की नाही. टर्मिनेट-युजर ऑफिस असं मात्र रागारागात मारू नका, मुनीमजींसकट सगळे बाहेर पडतील, तुम्हीपण.

धुळेकर_रूट

सेशनची संख्याच बांधून टाका ना, लिमिट्स.कॉन्फमध्ये ऑफिसपुढे मॅक्सलॉगिन्स ३.

अमळनेरची_ताई

चालेल, पण भुतं काढल्यावर. आधी लावलंत तर तीन भुतं तीन जागा अडवून बसतील आणि खरा माणूस दारात उभा राहील. रूटला (मुख्य अ‍ॅडमिन युजरला) ती मर्यादा लागत नाही पण एसएसएचने रूट बंदच असतो ना, मग तुम्हाला लॅपटॉपजवळच जावं लागेल. खरं सांगायचं तर एकच युजर वापरता म्हणून मर्यादा लागते. तिघांना तीन युजर करून द्या, कोण कधी शिरलं ते लॉगमध्येही नावानिशी दिसेल. मालकांच्या मुलाला वेब सॉफ्टवेअर पुरे आहे, त्याला एसएसएच कशाला हवं हे मला कळलंच नाही.

रावेरी_टर्मिनल

तो फक्त टॉप कमांड लावून बघतो ताई, रंगीत पट्ट्या आवडतात त्याला.

अपडेट देतो. झाकणाची नि रिमूव्हआयपीसीची ओळ टाकली, हप मारला, मग मुद्दाम मेन स्विच बंद करून बसलो झाकण लावून. पिंग चालूच राहिलं. जर्नलमध्ये सस्पेंडिंग आलं नाही. मग रिपोर्ट लावला आणि सगळे लॉगआउट झालो, मुलाला पण फोन करून बाहेर काढलं, रिपोर्ट पूर्ण निघाला. यूपॉवर बसवलाय, २०-१५-१० टाकलंय, पण बॅटरी पार खाली आणून खरंच बंद होतो का ते अजून पाहिलं नाही, कापणी चालू आहे, मालक म्हणतात आता नको. एसएसएचचं आज रात्री करतो एक टर्मिनल उघडं ठेवून. पॅकेजवाला पोस्टग्रेस सीझननंतर.

एक शंका उरली. रिमूव्हआयपीसी नो केलं तर /डेव्ह/एसएचएम मध्ये कचरा साचत जाईल का? रॅम फक्त ४ जीबी आहे.

अमळनेरची_ताई

साचू शकतो, पण पोस्टग्रेस नीट थांबवला तर तो आपलं आपण उचलतो. मारून टाकला तरच राहतं, आणि पॉवर गेली तर ती जागा रॅममधलीच असल्याने तशीही रिकामी होते. अधूनमधून डीएफ -एच /डेव्ह/एसएचएम बघत जा. सीझननंतर पॅकेजवर गेलात की ती ओळ काढून टाका, तेव्हा तिची गरज नाही.

भुसावळ_यार्ड

जमनं म्हणा मग! बॅटरीची टेस्ट मात्र पावसाळ्याआधी कराच, तेव्हा लाइट दिवसदिवस जाते. आणि त्या पोरट्याला एचटॉप दाखवा, त्यात पट्ट्या अजून जास्त आहेत.